शिकवणाऱ्या संस्थेचा हिशेब

२००३ साली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात हेपेटायटिस सीच्या रुग्णाला तज्ज्ञाची वेळ मिळायला आठ महिने लागत. हे राज्य विस्ताराने साधारण महाराष्ट्राएवढे, पण लोकवस्ती जेमतेम एकोणीस लाख, तीही दूरदूर विखुरलेली. आजाराची बाधा झालेले हजारो लोक होते आणि त्यांतल्या शेकडा पाचांवरही उपचार झाले नव्हते. औषधे बाजारात होती. अडचण होती ती ही औषधे देऊ शकणाऱ्या माणसांची. त्या काळी इंटरफेरॉनची इंजेक्शने आणि रिबाव्हिरिनच्या गोळ्या कित्येक महिने घ्याव्या लागत. रक्त कमी होई, मन खचे, रुग्णाला वारंवार तपासावे लागे, आणि हे सांभाळण्याचा अनुभव मुख्यतः आल्बुकर्कीच्या विद्यापीठ रुग्णालयात होता. शेकडो किलोमीटरवरून रुग्ण तिथे येत. जे येऊ शकत नसत ते घरीच खंगत. यकृतविकारतज्ज्ञ डॉ. संजीव अरोरा या दवाखान्याचे काम पाहत होते. आणखी दोन-तीन तज्ज्ञ नेमून रांग थोडी आखूड झाली असती. अरोरांनी वेगळा मार्ग धरला. रुग्णाला तज्ज्ञापर्यंत आणण्याऐवजी तज्ज्ञाजवळचे ज्ञान गावच्या डॉक्टरपर्यंत न्यायचे त्यांनी ठरवले.

या प्रयोगाचे नाव प्रोजेक्ट एको. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी गावोगावचे डॉक्टर, परिचारिका आणि तुरुंगांच्या दवाखान्यांतले वैद्यकीय कर्मचारी व्हिडिओवर एकत्र येत. प्रत्येक जण आपल्याकडची एखादी केस रुग्णाचे नाव न सांगता मांडे. समोर यकृतविकारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि औषधशास्त्राचा जाणकार बसलेले असत. ते प्रश्न विचारत, सल्ला देत, शेवटी एखाद्या विषयावर छोटे व्याख्यान होई. रुग्ण पडद्यावर कधीच येत नसे, त्याची जबाबदारी अखेरपर्यंत गावच्या डॉक्टरचीच राही, म्हणून याला टेलिमेडिसिन म्हणता येत नाही. हे शिक्षण होते, आणि ते हातातल्या खऱ्या कामावर उभे होते. जून २०११ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. अभ्यासात ४०७ रुग्ण होते. विद्यापीठाच्या दवाखान्यात उपचार घेतलेल्यांपैकी ५७.५ टक्के रुग्णांच्या रक्तातून विषाणू कायमचा गेला. एकोच्या २१ केंद्रांवर, म्हणजे १६ ग्रामीण दवाखाने आणि ५ तुरुंगांत, हेच प्रमाण ५८.२ टक्के होते. गंभीर दुष्परिणाम तर केंद्रांवर निम्मेच आढळले: विद्यापीठात १३.७ टक्के, केंद्रांवर ६.९.

गावाकडच्या रुग्णांचा फायदा या आकड्यांत उघडच आहे. पण ज्या संस्थेने शिकवले, तिला काय मिळाले? विद्यापीठाच्या दवाखान्याची आठ महिन्यांची रांग दोन आठवड्यांवर आली. सोप्या केसेस गावातच हाताळल्या जाऊ लागल्या, गुंतागुंतीच्या तेवढ्या तज्ज्ञांकडे येऊ लागल्या, म्हणजे तज्ज्ञाचा वेळ जिथे लागायला हवा तिथे लागू लागला. एका गावच्या डॉक्टरला वर्षभरात जितक्या केसेस दिसल्या असत्या त्याच्या कितीतरी पट केसेसची चर्चा दर आठवड्याला एका ठिकाणी होऊ लागली, आणि ती सगळी शिकवणाऱ्यांच्या कानांवर पडत होती. ऑनलाइन प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेचा खरा लाभ इथेच आहे असे मला वाटते. जी संस्था आपले ज्ञान इतरांना शिकवायला बसते ती स्वतःचे काम नव्याने पाहू लागते, आणि तंत्रज्ञानामुळे हे पाहणे पूर्वी शक्य नव्हते इतक्या विस्ताराने करता येते. खर्चात होणारी बचत हा त्यातला सर्वांत लहान भाग आहे.

तरीही आपल्याकडे ऑनलाइन प्रशिक्षणाचा प्रस्ताव संचालक मंडळापुढे येतो तो बचतीच्याच भाषेत. बाहेरगावच्या शाखांतून माणसे बोलवायला नकोत, प्रवासभत्ता नको, हॉलचे भाडे नको, दोन दिवसांचे जेवण-चहापाणी नको, आणि एकदा चित्रित केलेला पाठ दहा वर्षे दाखवता येतो. यातली प्रत्येक बाब खरी आहे. पण बचतीसाठी उभे केलेले प्रशिक्षण बचतीच्याच मापाने मोजले जाते. कमी खर्चात किती जणांनी 'पूर्ण' केले एवढाच आकडा वर जातो आणि त्या माणसांचे काम सुधारले का, हे कोणी विचारत नाही. पाठ पुढे सरकवत शेवटच्या पानावरच्या पाच प्रश्नांची उत्तरे अंदाजाने द्यायची आणि प्रमाणपत्र उतरवून घ्यायचे, ही पद्धत बँकांपासून सरकारी कचेऱ्यांपर्यंत रुजली आहे. लैंगिक छळ प्रतिबंधासारखा गंभीर विषयही वर्षातून एकदा असा उरकला जातो तेव्हा संस्थेने पैसे वाचवले असतील, पण मिळवले काहीच नाही.

मिळवण्याची सुरुवात शिकवण्याच्या तयारीतच होते. प्रत्येक संस्थेत बरेचसे शहाणपण कुठेच लिहिलेले नसते. कर्जप्रकरणाच्या कागदांत नजर नेमकी कुठे टाकायची, कोणत्या यंत्राचा आवाज बदलला की ते थांबवायचे, चिडलेल्या ग्राहकाला पहिले वाक्य काय बोलायचे, हे वीस-पंचवीस वर्षे काम केलेल्या माणसांच्या डोक्यात असते आणि ती निवृत्त झाली की त्यांच्याबरोबर जाते. वर्गात शिकवताना हे थोडेफार बाहेर येते, पण वाऱ्यावर जाते. ऑनलाइन पाठ तयार करताना मात्र प्रत्येक पायरी मांडावी लागते, उदाहरणे निवडावी लागतात, आणि नेमके तेव्हाच दोन शाखा एकच काम दोन तऱ्हांनी करतात हे लक्षात येते. सात आयआयटी आणि बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी एकत्र येऊन एनपीटेल हे ऑनलाइन व्याख्यानांचे व्यासपीठ उभारले. त्यामुळे देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुले नामांकित प्राध्यापकांची व्याख्याने ऐकू लागली. पण त्याबरोबरच त्या प्राध्यापकांचे शिकवणे पहिल्यांदाच सहकाऱ्यांसमोर उघडे झाले. बंद दाराआड दिलेले व्याख्यान कोणी तपासत नाही. एनपीटेलवरचे व्याख्यान हजारो विद्यार्थी आणि इतर महाविद्यालयांतले शिक्षक तपासतात, चुका दाखवतात.

दुसरा लाभ प्रश्नांतून येतो. पडद्यावरचा पाठ कुठे थांबवला गेला, कुठे मागे नेऊन पुन्हा पाहिला गेला, कोणत्या प्रश्नाला बहुतेकांनी तेच एक चुकीचे उत्तर दिले, याची नोंद आपोआप होते. फिलिप ग्वो आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडेक्स या ऑनलाइन व्यासपीठावरच्या अभ्यासक्रमांतली व्हिडिओ पाहण्याची सुमारे ६९ लाख सत्रे तपासली. त्यांना दिसले की सहा मिनिटांहून मोठ्या व्हिडिओंत माणसे टिकत नाहीत, आणि चकचकीत स्टुडिओत चित्रित केलेल्यापेक्षा शिक्षक जणू समोर बसून सांगतो आहे असा साधा पाठ अधिक पाहिला जातो. याहून महत्त्वाचे म्हणजे नोंदींतून संस्थेला स्वतःचेच दोष कळतात. एखाद्या बँकेच्या शंभर शाखांतल्या कारकुनांनी एकाच नियमाचा एकसारखा उलटा अर्थ लावला असेल, तर चूक कारकुनांची नाही, परिपत्रकाची आहे. हे कळायला एरवी लेखापरीक्षणाची किंवा एखाद्या गैरव्यवहाराची वाट पाहावी लागते. या नोंदी वाचायला कोणीतरी बसलेले हवे, एवढीच अट आहे. बहुतेक ठिकाणी त्या साठतात आणि तशाच पडून राहतात.

तिसरा लाभ विद्यापीठांच्या कामाचा आहे, पण कारखाने आणि संघटनांनीही त्याकडे पाहावे. जॉर्जिया टेक या अमेरिकी विद्यापीठाने जानेवारी २०१४ मध्ये संगणकशास्त्राची पूर्ण पदव्युत्तर पदवी ऑनलाइन द्यायला सुरुवात केली. पदवी तीच, पण खर्च सुमारे सात हजार डॉलर. बाहेरच्या राज्यातून येऊन आवारात शिकणाऱ्याला हीच पदवी ४५ हजार डॉलरच्या आसपास पडत होती. आपणच आपला बाजार मोडतो आहोत, स्वस्त पर्याय मिळाला तर महाग वर्गात कोण येईल, अशी भीती तेव्हा बोलून दाखवली गेली. जोशुआ गुडमन, ज्युलिया मेल्कर्स आणि अमांडा पॅलेस या अभ्यासकांनी अर्जदारांचा मागोवा घेतला तेव्हा वेगळेच दिसले. ऑनलाइन अर्ज करणाऱ्यांचे सरासरी वय ३४ होते, आवारातल्या अर्जदारांचे २४. ज्यांना थोडक्यात प्रवेश हुकला, त्यांनी बहुतांशी दुसरीकडे कुठेच प्रवेश घेतला नाही. म्हणजे हे लोक कुणाच्या वर्गातून पळवलेले नव्हते. नोकरी, संसार आणि मुले सांभाळणाऱ्या या माणसांसाठी तोवर कुठेच वर्ग नव्हता. ज्यांना आपण आजवर सेवा देऊ शकत नव्हतो अशी माणसे संस्थेला मिळतात आणि त्यामुळे तिचे जुने काम आटत नाही. त्यांच्यातलेच अनेक पुढे त्याच अभ्यासक्रमाचे सहाय्यक शिक्षक झाले, म्हणून हजारोंना शिकवणे परवडू शकले.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. १९८९ साली नाशिकमध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले यांच्या काळात शिकणाऱ्याने स्वतः वाचून समजून घ्यावे अशी मराठी पाठ्यपुस्तके तयार झाली, आणि अडल्यावर जायला अभ्यासकेंद्रे उभी राहिली. इंटरनेट घराघरांत येण्याच्या कितीतरी आधी दूरशिक्षणाचा हा अवघड भाग इथे सुटला होता. २००१ मध्ये राज्य सरकारने महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, म्हणजे एमकेसीएल, स्थापन केले. एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम तालुक्या-तालुक्यांतल्या खासगी केंद्रांतून चालला, शिकणे संगणकावर आणि शंका विचारायला जवळ माणूस, आणि परीक्षा तंत्रशिक्षण मंडळाची. लाखो लोक पहिल्यांदा माऊस हातात धरून संगणक शिकले ते याच केंद्रांत. आणि संस्थेला मिळालेले फळ पाहा. केंद्रांच्या जाळ्यातून आणि मोठ्या संख्येने लोक हाताळण्याच्या सरावातून जी क्षमता आली तिच्या बळावर २००९ मध्ये मुंबईतली अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया एमकेसीएलने सांभाळली. शिकवण्यासाठी उभी केलेली व्यवस्था पुढे दुसऱ्याच कामाला आली.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला सर्वांत परिचित: ऑनलाइन अभ्यासक्रम कोणी पुरे करत नाही. हे खरे आहे, आणि आकडे पाहिले तर वाटते त्याहून खरे आहे. एमआयटी आणि हार्वर्डच्या एडेक्सवरील अभ्यासक्रमांचा २०१२ ते २०१८ मधला आढावा जस्टिन राइख आणि होसे रुइपेरेझ-व्हॅलिएंटे यांनी 'सायन्स'मध्ये मांडला. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी फक्त ३.१३ टक्क्यांनी अभ्यासक्रम पुरा केला, आणि निम्म्याहून अधिक जणांनी तर पाठ उघडलाच नाही. मात्र ज्यांनी शुल्क भरून प्रमाणपत्राचा मार्ग घेतला होता, त्यांच्यात पुरे करणारे ४६ टक्के होते. मला यातून दिसते ते असे की पडदा कोणालाच शिकवत नाही. शिकण्यामागे काही कारण हवे, काही बंधन हवे, आणि कोणीतरी आपली वाट पाहते आहे ही जाणीव हवी. कोणत्याही कामाशी न जोडलेला मोफत पाठ माणूस सोडून देतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. याउलट एकोच्या बैठकीला डॉक्टर आठवड्यामागून आठवडा येत राहिले, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तोच रुग्ण त्यांच्यासमोर बसणार होता.

सॅन होसे स्टेट विद्यापीठाची २०१३ ची गोष्ट याच आक्षेपाची कडवट बाजू दाखवते. उडॅसिटी कंपनीबरोबर त्यांनी गणित आणि संख्याशास्त्राचे तीन अभ्यासक्रम ऑनलाइन चालवले. कच्च्या विद्यार्थ्यांसाठीही तेच अभ्यासक्रम होते आणि काहींकडे घरी धड संगणकसुद्धा नव्हता. उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण इतके घसरले की जुलैमध्ये प्रयोग तहकूब करावा लागला. उन्हाळ्याच्या सत्रात निकाल बराच सुधारला, पण तेव्हा वर्गात आधीच पदवी घेतलेले बरेच लोक होते. ज्याला शिकायची सवय लागली आहे तो कुठूनही शिकतो. ज्याला लागलेली नाही त्याच्याजवळ माणूस बसवावा लागतो. जी संस्था आपल्या सर्वांत नवख्या, कमी शिकलेल्या कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आधी ऑनलाइन करते आणि अधिकाऱ्यांसाठी मात्र हॉटेलात वर्ग भरवते, ती नेमके उलटे करते आहे. अमेरिकेच्या शिक्षण खात्यासाठी बार्बरा मीन्स आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले होते. त्यांत निव्वळ प्रत्यक्ष वर्गापेक्षा ऑनलाइन आणि प्रत्यक्ष यांची सांगड अधिक परिणामकारक ठरली, आणि निव्वळ ऑनलाइनला तेवढी आघाडी मिळाली नाही.

हातांनी करायची कामे पडद्यावर शिकता येत नाहीत, हा आक्षेप अर्धा बरोबर आहे. टाके घालणे, वेल्डिंग, कलम बांधणे हे हातातूनच येते. पण कोणत्याही कौशल्याच्या कामात हाताइतकाच निर्णयाचा वाटा असतो, आणि निर्णय शिकायला चर्चा पुरते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या पुढाकाराने २०१२ पासून उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरची कर्करोग केंद्रे आहेत, आणि त्यांचे डॉक्टर अवघड केसेसवर पडद्यावर एकत्र विचार करतात. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने एकोचीच पद्धत मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्तीसाठी घेतली, कारण जिल्ह्या-जिल्ह्याला मानसोपचारतज्ज्ञ देणे नजीकच्या काळात शक्य नाही. हात तिथल्या डॉक्टरचा, आणि सोबतीला अनुभव दहा जणांचा.

मालकांच्या मनातला आक्षेप वेगळा असतो, आणि तो ते उघडपणे मांडत नाहीत: शिकवले की माणूस जास्त पगारावर दुसरीकडे जातो. अर्थशास्त्रात याला जुना आधार आहे. गॅरी बेकर यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात दाखवले होते की कुठेही चालणाऱ्या कौशल्यासाठी मालक खर्च करणार नाही, कारण फायदा पुढचा मालक घेईल. पण प्रत्यक्षात मालक असा खर्च करतात. का करतात, हे डॅरन असेमोग्लू आणि यॉर्न-स्टेफेन पिश्के यांनी जर्मनीतल्या शिकाऊ कामगारांचा अभ्यास करून मांडले. माणूस किती चांगला आहे हे सध्याच्या मालकाला जितके कळते तितके बाहेरच्याला कळत नाही, म्हणून कौशल्याच्या प्रमाणात पगार लगेच वाढत नाही आणि वाढलेल्या कामाचा बराच वाटा संस्थेकडेच राहतो. बेंगळुरूच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत अच्युत अध्वर्यु, नम्रता काला आणि अनंत न्याषधम यांनी स्त्री-कामगारांच्या प्रशिक्षणाचा प्रयोग केला. ते प्रशिक्षण प्रत्यक्ष वर्गातले होते, तरी मुद्दा इथे लागू पडतो. या धंद्यात कामगारांची ये-जा प्रचंड असते. तरीही उत्पादकता वाढून कारखान्याला खर्चाच्या दुपटीहून अधिक परतावा मिळाला. या निकालाने मला समाधान होते आणि अस्वस्थही वाटते, कारण त्या स्त्रियांच्या पगारात फारशी वाढ झाली नाही. प्रशिक्षणाचा फायदा संस्थेला होतो हे सिद्ध झाल्यावर त्यातला वाटा शिकणाऱ्यांना देणे हे संस्थेचे कर्तव्यच ठरते.

आणि वेळेचे काय? ऑनलाइन म्हणजे 'तुमच्या सोयीने', आणि सोयीने म्हणजे व्यवहारात रात्री जेवणानंतर किंवा रविवारी. घरी स्वयंपाक, मुले, आजारी सासू सांभाळणाऱ्या कर्मचारी स्त्रीसाठी ही सोय नाही, न मोजलेले जादा काम आहे. जॉर्जिया टेकचा विद्यार्थी स्वतःच्या प्रगतीसाठी रात्री जागतो, तो त्याचा निर्णय. संस्थेने सक्तीचे केलेले प्रशिक्षण मात्र कामाच्या वेळेतच झाले पाहिजे. एकोच्या बैठका डॉक्टरांच्या कामाच्या दिवसातच होत. संस्थेने आपल्या माणसांचे दोन तास खरोखर मोकळे केले तरच त्या प्रशिक्षणावर तिचा विश्वास आहे असे माणसे मानतात.

साधनांचा प्रश्न राहतो. स्वस्त मोबाइल आला म्हणून दरी बुजली असे मानणे चूक आहे, पण तिच्यावरून जायची वाट काढता येते. बिहारमध्ये २०१२ साली आशा कार्यकर्त्यांसाठी 'मोबाइल अॅकॅडमी' सुरू झाली, आता ती केंद्रीय आरोग्य मंत्रालयासोबत मुंबईची 'आरमान' ही संस्था चालवते. साध्यात साध्या फोनवरून क्रमांक लावायचा आणि डॉ. अनिता या काल्पनिक डॉक्टरच्या आवाजात माता-बालआरोग्याचे पाठ ऐकायचे. सगळे मिळून २४० मिनिटे. मध्येच फोन ठेवावा लागला तर पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात, आणि मध्ये मध्ये प्रश्न. इंटरनेट नको, डेटा नको, वाचता येण्याचीही अट नाही. शिकणाऱ्याच्या हातात जे आहे तिथून आखणी सुरू केली तर असे होते.

आपल्याकडे हे सगळे सर्वांत जास्त कुठे लागू पडेल, तर सहकारात. शिक्षण ही सहकाराची बाहेरून चिकटवलेली जबाबदारी नाही. इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ मध्ये दुकान काढले आणि पुढे नफ्यातला अडीच टक्के वाटा शिक्षणासाठी बाजूला काढला. आंतरराष्ट्रीय सहकारी संघाच्या सात तत्त्वांत शिक्षण हे पाचवे आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात शिक्षण निधीची तरतूद आहे, आणि २०१३ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम २४-अ नुसार सभासद, पदाधिकारी आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण बंधनकारक झाले. राज्यात एक लाखाहून अधिक गृहनिर्माण संस्था आहेत. त्यांचे सचिव बहुधा नोकरी सांभाळून हे काम करणारे हौशी लोक, आणि त्यांच्यासमोर अभिहस्तांतरण, पुनर्विकास, थकबाकी, वारसनोंद असे कायद्याचे कठीण प्रश्न. वर्षातून एकदा सभागृहात भाषण ऐकून ते सुटत नाहीत. पण तालुक्यातल्या पंधरा-वीस संस्थांच्या सचिवांनी पंधरवड्यातून एकदा पडद्यावर एकत्र यावे, प्रत्येकाने आपल्या संस्थेतले खरे प्रकरण नावे वगळून मांडावे, आणि समोर निबंधक कार्यालयातला एक अधिकारी, एक लेखापरीक्षक, एक वकील असावा. यात असे काहीच नाही जे आज उपलब्ध नाही. निबंधक कार्यालयाला आपल्याकडे येणाऱ्या तक्रारींचे मूळ कळेल, जिल्हा सहकारी मंडळांना आपल्या अभ्यासक्रमात काय कमी आहे ते कळेल, आणि कोणत्या उपविधीचा अर्थ सर्वत्र चुकीचा लावला जातो हेही पुढे येईल. कायद्यात तरतूद आहे आणि निधीही आहे. ठरवायचे आहे ते इतकेच की त्या बैठकीला बसणाऱ्या अधिकाऱ्याचे दोन तास त्याच्या कामाच्या वेळेत धरायचे आणि त्याच्या कामगिरीच्या अहवालात त्याची नोंद घ्यायची.